एक ‘ईए’ कॅसेट, तीन यंत्रं: ६५०२ घराण्याच्या कन्सोलवरच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२४, शुक्रवार

टेबलावर तीन बोर्ड. तिन्ही बंद, तिघांच्या पोटात एकाच घराण्याचा प्रोसेसर.

बोर्ड अ: अटारी २६००, पाल (५० हर्ट्झच्या टीव्हीचा प्रकार). आत ६५०७. म्हणजे ६५०२ च, पण ४० ऐवजी २८ पायांच्या डब्यात. पत्त्याच्या तेरा तारा, म्हणून एकूण आवाका ८ केबी. आयआरक्यू आणि एनएमआयचे (प्रोसेसरला मध्येच थांबवून दुसरीकडे वळवणाऱ्या इशाऱ्यांचे) पाय बाहेर काढलेलेच नाहीत.

बोर्ड ब: आपल्याकडे ज्याला नुसतं ‘टीव्ही गेम’ म्हणायचे तो. फॅमिकॉमची (निन्टेंडोच्या जपानी कन्सोलची) नक्कल, ६० पिनांची कॅसेट. प्रोसेसर यूएमसीचा यूए६५२७पी, चित्राची आयसी यूए६५३८.

बोर्ड क: सुपर फॅमिकॉम. रिकोचा ५ए२२, त्याच्या आत ६५सी८१६ चा गाभा.

मूळ ६५०२ हा १९७५ चा, एमओएस टेक्नॉलॉजीचा, चक पेडल आणि बिल मेन्श यांच्या चमूचा. किंमत २५ डॉलर. बाकीचे तेव्हा शेकड्यांत विकत होते, म्हणून तो घराघरांत शिरला. ६५सी८१६ पुढे मेन्श यांच्याच कंपनीने काढला.

ठरलेलं काम: तिघांसाठी मिळून एकच तपासणी बसवायची. घराण्यातल्या प्रत्येकाला ‘काही करू नकोस, पुढे चल’ हा हुकूम एकाच बाइटने कळतो: ईए. कॅसेटभर ईए भरून पत्त्याच्या तारा मोजल्या की प्रोसेसर जिवंत आहे की नाही हे टीव्ही न लावता कळतं.

चोर बाजारातून टीव्ही गेम उचलणाऱ्यांसाठी एक सूचना. मागचे स्क्रू उघडल्याशिवाय पैसे काढू नका. चाळीस पायांच्या दोन लांब आयसी दिसल्या तर घ्या. बोर्डावर काळ्या डांबराचा ठिपका दिसला तर सगळं एकाच चिपमध्ये आहे. तिथे मोजायला काही नाही आणि बदलायलाही काही नाही.

(पत्ते आणि बाइट पुढे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायाच्या अंकांत. पत्त्याआधी डॉलरचं चिन्ह.)

१० जून

आधी सप्लाय. तिघांचे तीन प्रकार आणि चूक महागात पडते.

अटारीला ९ व्होल्ट डीसी, ५०० मिलिअँप. प्लग ३.५ मिमीचा, हेडफोनसारखा, टोक पॉझिटिव्ह. हा प्लग चालू असताना ओढला तर टोक क्षणभर बाहेरच्या कडीला टेकून शॉर्ट होतं. त्यामुळे आधी भिंतीवरचं बटण बंद, मग प्लग.

सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट, ८५० मिलिअँप, आणि मधली पिन निगेटिव्ह. सोबत आलेला जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा. आपल्या २३० ला लावला की जळणार. तो वेगळा बांधून ठेवला, त्यावर लाल चिकटपट्टी. त्याच्या जागी ९ व्होल्ट १ अँपचा रेग्युलेटेड अडॅप्टर, वायर उलटी जोडून. आत ७८०५ (पाच व्होल्ट स्थिर देणारी आयसी) आहे, त्याला सुमारे दोन व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे ९ पुरतात.

बोर्ड बचा भरवसा नाही. नकलांमध्ये मधली पिन कुठे प्लस, कुठे मायनस. झाकणावरच्या छापावर विसंबू नका. सॉकेटचा कोणता पाय ७८०५ च्या मधल्या पायाशी, म्हणजे ग्राउंडशी, बीप देतो ते बघा. बीप देतो तो मायनस. या बोर्डावर मधला पायच मायनस निघाला.

लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या साध्या ट्रान्सफॉर्मरवाल्या ‘९ व्होल्ट’ अडॅप्टरने लोडशिवाय १३.६ दाखवले. ७८०५ ते सहन करतो, पण तापतो. ४०० मिलिअँपला ९ वर १.६ वॅट जातात, १२ वर २.८. या बोर्डावरचा हीटसिंक म्हणजे पत्र्याची एक पट्टी. त्याला २.८ झेपणार नाही.

१५ जून

बोर्ड बची कॅसेट. जुन्या मेलेल्या कॅसेटचा ६० बोटांचा बोर्ड घेतला, डांबर खरवडून ट्रॅक तोडले, शेजारी २८ पायांचा सॉकेट चिकटवला आणि बारीक वायरने जोडणी केली.

ईप्रॉम (यूव्हीने पुसून पुन्हा भरता येणारी रॉम) २७सी२५६, ३२ केबी. जोडणी अशी: कॅसेटच्या पिना १३ ते २ म्हणजे पत्त्याच्या तारा ए० ते ए११ उलट्या क्रमाने. ए१२, ए१३, ए१४ अनुक्रमे ३३, ३४, ३५ वर. डेटा डी७ ते डी० म्हणजे ३६ ते ४३. ईप्रॉमचा पाय २० (सीई) कॅसेटच्या ४४ ला, ही रॉम निवडणारी तार. पाय २२ ग्राउंड. पाय १ आणि २८ पाच व्होल्टला. ईप्रॉमच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरॅड.

आत भरलेलं: $८००० पासून $एफएफएफ६ पर्यंत सगळं ईए. $एफएफएफ७ वर ४सी ०० ८०, म्हणजे परत $८००० ला उडी. $एफएफएफए पासून तिन्ही व्हेक्टर (कुठून चालायचं ते सांगणारे पत्ते) ०० ८०.

सगळंच ईए का नाही भरलं? पहिला प्रयत्न तोच होता. व्हेक्टरही ईए ईए झाला, प्रोसेसर $ईएईए पासून निघाला, ५,३९८ बाइट चालून $एफएफएफएफ ओलांडला आणि $०००० वर, म्हणजे रॅममध्ये शिरला. तिथे जो कचरा पडला होता तो हुकूम म्हणून चालवला. सहा मिलिसेकंदांत खेळ खलास. सुट्या ६५०२ ला डेटाच्या तारा कायम ईएवर बांधता येतात, कन्सोलमध्ये रॅम मध्ये येते.

ईप्रॉमविषयी. रस्त्यावर मिळणारी बहुतेक उचकटलेली आणि आधी भरलेली असतात. कोरी आहे का हे आधी वाचून बघायचं, सगळीकडे एफएफ यायला हवं. पाचपैकी दोन कोरी निघाली, बाकी तीन यूव्ही दिव्याखाली २० मिनिटं. उन्हात ठेवून पुसायला आठवडाभर कडक ऊन लागतं. जून महिन्यात मुंबईत तो विषयच नको.

काहींनी २८सी२५६ वापरायचं सुचवलं, दिवा लागत नाही म्हणून. चालेल, पण त्यात पाय १ ए१४ आहे आणि पाय २७ लिहिण्याचा. २७सी२५६ मध्ये ए१४ पाय २७ वर. त्याच सॉकेटात तशीच खुपसली तर अर्धीच रॉम दिसेल आणि लिहिण्याचा पाय ए१४ बरोबर खाली-वर होत राहील.

२२ जून

बोर्ड बची मोजणी. पायांचे क्रमांक यूए६५२७पीचे.

पाय ४०: ४.९३ व्होल्ट. पाय ३ (रिसेट): चालू करताच खाली, मग वर. ठीक. पाय २९ (घड्याळ): इथे पहिला गोंधळ. लॉजिक अ‍ॅनालायझरने २.६ मेगाहर्ट्झ दाखवले, क्रिस्टल बदलायची तयारी सुरू झाली. क्रिस्टलवर २६.६०१७१२ छापलंय. अ‍ॅनालायझर सेकंदाला २४ दशलक्ष वेळाच बघतो, आणि २६.६ मधून २४ गेले की उरतात २.६. वेगाने फिरणारा पंखा उलटा दिसतो तसाच प्रकार. स्कोप लावला, २६.६ नीट दिसले.

पाय ३१ (एम२, प्रोसेसरकडून बाहेर येणारं घड्याळ): १.७७३ मेगाहर्ट्झ. बरोबर, कारण या नकलेत घड्याळाला १५ ने भाग जातो. निन्टेंडोच्या खऱ्या पाल यंत्रात १६ ने जातो आणि १.६६३ येतात. जपानी फॅमिकॉमचा आकडा १.७९. नक्कल करणाऱ्यांनी १५ निवडून जपानी कॅसेटचा वेग जवळपास टिकवला, आणि चित्र ५० हर्ट्झवर, आपल्या टीव्हीला चालेल असं. मला तरी ही यूएमसीची हुशारीच वाटते.

आता ईए कॅसेट लावून. ईएला दोन चक्रं लागतात. $८००० ते $एफएफएफ६ म्हणजे ३२,७५९ ईए, प्रत्येकी दोन धरून ६५,५१८ चक्रं, उडीची ३, एकूण ६५,५२१. १७,७३,४४८ ला त्याने भागलं की २७.०७. म्हणजे ए१४ वर २७ हर्ट्झ, ए१३ वर ५४, असं दुप्पट होत होत ए० वर ४४३ किलोहर्ट्झ. ए१५ कायम वर.

सगळ्या तारा बरोबर आल्या. प्रोसेसर ठणठणीत. तरीही खेळाची कॅसेट लावली की शीर्षक दिसतं आणि चार-पाच सेकंदांत पात्रांचे तुकडे पडद्यावर विखुरतात, मग सगळं गोठतं. म्हणजे दोष रॅम नाहीतर चित्राच्या बाजूला. ईए कॅसेट रॅमला हातच लावत नाही.

२९ जून

अटारी. कॅसेट २४ पिनांची, ४ केबी. ईप्रॉम २७३२.

इथली मेख: ए१२ वर असताना कॅसेट निवडली जाते, आणि २७३२ चा निवडीचा पाय खाली असताना जागा होतो. मध्ये ७४एचसी०४ चं एक गेट लागतंच. सरळ जोडलं तर ईप्रॉम नको तेव्हा, म्हणजे टीआयए (अटारीची चित्र-आवाजाची आयसी) आणि रॅमच्या वेळी, डेटावर बोलतं आणि दोघांची झटापट होते. ०४ ची उरलेली पाच गेटं मोकळी सोडू नका, त्यांचे इनपुट ग्राउंडला.

$एफ००० ते $एफएफएफ८ ईए, $एफएफएफ९ वर ४सी ०० एफ०, मग व्हेक्टर. एका फेरीची ८,१८१ चक्रं. पाल घड्याळ १.१८२ मेगाहर्ट्झ, म्हणून ए११ वर १४४.५ हर्ट्झ यायला हवेत.

आलं शून्य. पाय २८ वर १.१८ मेगाहर्ट्झ, रिसेट वर, पण पत्त्याच्या सगळ्या तारा थिजलेल्या. पाय ३ (आरडीवाय) खाली अडकलेला. ही तार टीआयएकडून येते. ओळ संपेपर्यंत थांब असं प्रोसेसरला सांगायला अटारीत हीच वापरतात. ती खाली राहिली की ६५०७ वाचता वाचता थांबतो आणि थांबूनच राहतो.

टीआयए सॉकेटात होती. काढली तर चार-पाच पायांवर हिरवट काळा थर. फायबरग्लासच्या ब्रशने पाय साफ, सॉकेटात ९९ टक्के आयसोप्रोपिल, दहा मिनिटं वाळवून परत बसवली. ए११ वर १४४. बोर्ड अचं काम इथे संपलं. सँडपेपर मात्र कधीही नको, मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तोच पाय दुप्पट गंजतो.

६ जुलै

बोर्ड बची रॅम. ६११६, २ केबी, $०००० ते $०७एफएफ.

तपासणाऱ्या कोडने रॅम वापरायची नाही. जेएसआर (उपकार्यक्रमाला हाक) नाही, स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) नाही, शून्य पान (पहिले २५६ बाइट) नाही. सगळं ए, एक्स, वाय या प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरांतच.

पहिली आवृत्ती: सगळीकडे ५५ लिहा, वाचा, मग एए लिहा, वाचा. बरोबर असेल तर हिरवा पडदा, चूक असेल तर लाल. पडदा काळाच राहिला. दोन चुका. एक, चित्राची आयसी चालू झाल्यावर सुरुवातीचा काही काळ $२००० आणि $२००६ वरचं लिखाण ऐकतच नाही. $२००२ चा वरचा बिट दोनदा चढेपर्यंत थांबायचं, मगच रंग लिहायचा. दोन, $३एफ०० वर रंग लिहिला की पत्ता आपोआप $३एफ०१ वर सरकतो, आणि चित्र बंद असताना पत्ता रंगांच्या तक्त्यात असेल तर तिथलाच रंग पडद्यावर येतो. लिहून झाल्यावर $२००६ ला ०० ०० देऊन पत्ता तिथून हलवायचा.

दोन्ही सुधारलं. पडदा हिरवा. रॅम पास. खेळ तरीही कोसळतो.

हिरव्यावर विश्वास ठेवला हीच चूक. सगळीकडे सारखंच लिहिलं तर दोन पत्ते एकाच घरात शिरत असले तरी कळणार नाही. पाहुण्याने दोनशे दोनचं दार ठोठावलं आणि दोनच्या माणसाने उघडलं, पण दोघांचं आडनाव सारखंच, असा मामला.

दुसरी आवृत्ती: प्रत्येक घरात त्याच्या पत्त्यावरून ठरणारी किंमत. एक्स अधिक पानाचा क्रमांक. टीएक्सए (एक्स ए मध्ये घ्या), $००००,एक्स वर लिहा, सीएलसी (हातचा पुसा), एक मिळवा, $०१००,एक्स वर लिहा, असं $०७००,एक्स पर्यंत, मग एक्स वाढवा. आधी सगळं लिहून घ्यायचं, मग वाचायचं. लिहिता लिहिता वाचलं तर हाही दोष लपतो. निकाल पानागणिक एक सेकंद: पांढरा बरोबर, लाल चूक. फेरीच्या सुरुवातीला एक सेकंद काळा.

आलं: लाल, लाल, पांढरा, पांढरा, लाल, लाल, पांढरा, पांढरा. पान ०, १, ४, ५ चूक. रॅमचं घर बिघडलं तर असा ठेका येत नाही. ही ए९ आहे. ती तुटल्याने पान ० आणि २ एकच, १ आणि ३ एकच, आणि नंतर लिहिलेलं आधीच्यावर बसतं.

खेळ कसा कोसळत होता तेही यातूनच उलगडतं. पात्रांचा तक्ता बहुतेक खेळ $०२०० वर ठेवतात. शून्य पानातला प्रत्येक चल त्यावर सांडत होता, म्हणून तुकडे. स्टॅक $०१०० वर, तो $०३०० शी मिसळला की परतीचा पत्ता जातो, म्हणून गोठणं.

प्रोसेसरचा पाय १३ (ए९) ते ६११६ चा पाय २२: बीप नाही. ६११६ च्या पाय २२ ला बोट टेकवलं की लालपांढऱ्याचा क्रम बदलत होता. तरंगत्या तारेची ही हमखास खूण. भिंगाखाली ट्रॅक अखंड दिसला. दिव्याकडे तिरका धरला तेव्हा स्क्रूच्या भोकाजवळ केसाएवढी चीर. कोणीतरी कधीतरी झाकण जोरात आवळलेलं. हिरवा मुलामा दोन मिलिमीटर खरवडून वर वायरचा तुकडा जोडला. आठही पानं पांढरी.

ईए कॅसेटला हे का दिसलं नाही, ते नोंदवून ठेवतो: तेव्हा ए९ कॅसेटच्या सॉकेटावर मोजली होती. चीर त्याच्या पुढे, रॅमच्या फाट्यावर. पुढच्या वेळी प्रत्येक तार शेवटच्या आयसीच्या पायावर मोजायची.

२० जुलै

बोर्ड बला चित्र आहे, आवाज नाही, नुसती खरखर. अँटेनावाल्या तारेवर ध्वनीचं अंतर आपल्याकडे ५.५ मेगाहर्ट्झ, चिनी बाजारासाठी बनवलेल्या डब्यांत ६.५. डब्यातली कॉइल फिरवत बसण्यापेक्षा सरळ व्हिडिओ बाहेर काढला.

यूए६५३८ चा पाय २१ बोर्डावरून उचलला. तो पीएनपी ट्रान्झिस्टरच्या बेसला. कलेक्टर ग्राउंडला, एमिटरला १५० ओमने पाच व्होल्ट. एमिटरवरून २२० मायक्रोफॅरॅड (प्लस बाजू एमिटरकडे), ७५ ओम, मग पिवळा सॉकेट. वायर जाळीची, जाळी एकाच टोकाला ग्राउंड.

२एसए१०१५ मिळाला नाही, बीसी५५७ लावला. सपाट बाजू समोर धरली तर १०१५ चे पाय एमिटर, कलेक्टर, बेस. ५५७ चे कलेक्टर, बेस, एमिटर. आकृतीवरून डोळे झाकून बसवला की चित्र काळं.

आवाज तरीही नव्हता, पण फक्त आपल्या कॅसेटवर. फॅमिकॉमच्या जोडणीत आवाज कॅसेटमधून फिरून येतो. ४५ आणि ४६ कॅसेटमध्ये जोडलेल्या हव्यात. वायरचा एक तुकडा, काम झालं.

३ ऑगस्ट

सुपर फॅमिकॉम. इथे नुसती कॅसेट चालत नाही, कुलुपाची चिप (कॅसेट अस्सल असल्याची यंत्राला ग्वाही देणारी) लागते. ती नसेल तर यंत्र रिसेटमधून बाहेरच येत नाही, आणि प्रोसेसर मेलाय असा भास होतो. एका स्वस्त खेळाच्या कॅसेटची रॉम काढून तिथे ईप्रॉम बसवलं, चिप जागेवरच ठेवली. मूळ रॉमच्या आणि ईप्रॉमच्या काही पिना जुळत नाहीत, त्या वायरने. बाजारातली एसडी कार्डवाली कॅसेट यासाठी कामाची नाही. रिसेटनंतर तिचाच मेन्यू आधी चालतो.

६५सी८१६ जागा होतो तो ६५०२ च्या वेशात, आणि $एफएफएफसी वरूनच निघतो. $८००० ते $एफएफडीसी ईए, $एफएफडीडी वर उडी.

हिशेब: ईएचं पहिलं चक्र रॉममधून, ८ घड्याळं. दुसरं आतलं, ६. एकूण १४. ३२,७३३ ईए आणि उडीची २४ धरून ४,५८,२८६. २१.४७७ मेगाहर्ट्झला भागून ए१४ वर ४६.९ हर्ट्झ.

मोजले ४५.५. क्रिस्टल बरोबर, मीटर बरोबर, तीन टक्के गायब. ते डायनॅमिक रॅमला ताजं करण्यात जातात: चित्राच्या प्रत्येक ओळीत, १,३६४ घड्याळांपैकी ४०, प्रोसेसर थांबवला जातो. १,३२४ भागिले १,३६४, गुणिले ४६.९, बरोबर ४५.५. म्हणजे हा आकडा आला तर प्रोसेसर आणि ताजं करण्याची यंत्रणा दोन्ही चालू. ४६.९ आले असते तरच काळजी होती.

बोर्ड कचा मूळ दोष किरकोळ निघाला: पॉवर सॉकेटचा ड्राय सोल्डर.

१० ऑगस्ट

तिन्ही चालू. शिवाय ताडून बघायला एक जपानी फॅमिकॉमचा बोर्ड आणला, खऱ्या २ए०३ चा (फॅमिकॉमच्या मूळ प्रोसेसरचा). एकच छोटा कोड सगळ्यांवर: एसईडी, सीएलसी, एलडीए #$०९, एडीसी #$०१, सीएलडी. म्हणजे दशमान चालू, हातचा पुसा, ए मध्ये ०९ घ्या, ०१ मिळवा, दशमान बंद.

६५०७: १०. दशमान चालू.
२ए०३: ०ए. एसईडीने खूण चढते, बेरीज मात्र दोनच्याच पायात होते.
५ए२२: १०.

म्हणून अटारीच्या पद्धतीने गुणांची बेरीज लिहिलेला कोड फॅमिकॉमवर नेला की ९ नंतर आकड्याच्या जागी भलतंच चित्र. तिथे प्रत्येक अंकाला स्वतंत्र बाइट आणि १० झाले की हातचा आपणच पुढे ढकलायचा.

दुसरी चाचणी, पानाच्या शेवटच्या बाइटवरून आडवी उडी (कुठे जायचं तो पत्ता तिथून वाचून), जेएमपी ($एक्सएक्सएफएफ). ६५०७ आणि २ए०३ वरचा बाइट त्याच पानाच्या सुरुवातीवरून उचलतात आणि भलतीकडे जातात. ५ए२२ नीट जातो. बाइट १ए: पहिल्या दोघांत काहीच होत नाही, ५ए२२ मध्ये ए एकने वाढतो. कोणता गाभा आहे हे ओळखायला तेवढं पुरतं.

पुढचं यंत्र: पीसी इंजिन, हाही कन्सोलच. त्याचा एचयूसी६२८० ६५सी०२ वरून आलेला, पण रिसेटचा व्हेक्टर $एफएफएफसी वर नसून $एफएफएफई वर, आणि सुरुवातीला फक्त शेवटचं ८ केबीचं पान रॉमच्या पहिल्या पानाला जोडलेलं असतं. त्यामुळे तिथली ईए कॅसेट $ई००० ते $एफएफएफ२ एवढीच, उडी $एफएफएफ३ वर. ईप्रॉम भरून ठेवलंय. यंत्र यायचंय.